फिल्टर लावूनही आकाश पांढरंच? कृष्णधवल फिल्म आणि रंगीत फिल्टर: नेमकं कुठे चुकतं

तक्रार नेहमी एकाच चालीची असते. कृष्णधवल रोल, लेन्सवर नारिंगी नाही तर लाल फिल्टर, डोळ्यांना निळंभोर दिसणारं आकाश, त्यात कापसासारखे ढग. रोल धुऊन येतो आणि आकाश कोऱ्या कागदासारखं निघतं. पुढच्या खेपेला आणखी गडद फिल्टर लावला जातो. आता निगेटिव्ह इतकी पातळ येते की सावल्यांत काही म्हणजे काही उरत नाही. मग कुणी फिल्टर बदलतं, कुणी फिल्म बदलतं, आणि तिसऱ्या रोललाही तेच.

यात फिल्टरचा रंग चुकलेला असणं हे सगळ्यात शेवटचं कारण. त्याआधी तीन जागा तपासायच्या: उजेड, एक्स्पोजर आणि स्कॅन. रंगाची निवड त्यानंतर. उलट क्रमाने गेलात तर डबीत फिल्टर वाढतात आणि आकाश पांढरंच राहतं.

आधी निगेटिव्ह उजेडावर धरा

स्कॅन किंवा प्रिंट बघून निदान करू नका. निगेटिव्ह लाइटबॉक्सवर ठेवा. लाइटबॉक्स नसेल तर टॅबलेटचा पांढरा स्क्रीन चालतो, फक्त फिल्म त्यापासून बोटभर वर धरा, नाही तर स्क्रीनचे ठिपके दिसतात. सुरुवात फिल्मच्या कडेपासून करा. तिथले आकडे आणि फिल्मचं नाव कारखान्यातच एक्स्पोज केलेलं असतं, त्यामुळे तुमच्या कॅमेऱ्याचा किंवा फिल्टरचा त्याच्याशी संबंध नाही. ती अक्षरंच फिकट, राखाडी असतील तर डेव्हलपिंग कमी पडलंय. मग फिल्टरवर वेळ घालवण्यात अर्थ नाही.

अक्षरं ठसठशीत काळी असतील तर पुढे बघा. निगेटिव्हवर ढग काळे दिसायला हवेत आणि आकाश त्याहून स्पष्टपणे पारदर्शक. हाच फिल्टरचा पुरावा. आकाश आणि ढग दोन्ही सारखेच काळे, आणि सावल्यांत मात्र भरपूर तपशील, असं असेल तर एक्स्पोजर जास्त झालंय किंवा आकाशात निळाच नव्हता. आकाश-ढग वेगळे दिसतायत, पण स्कॅनमध्ये ते नाहीत, तर दोष स्कॅनचा. सगळी फ्रेमच पातळ आणि सावल्यांची जागा नुसती काचेसारखी, तर एक्स्पोजर कमी. आणि फिल्टरच्या फ्रेम पूर्ण कोऱ्या, पण त्याच रोलवरच्या बिनफिल्टरच्या फ्रेम व्यवस्थित, तर फिल्म ऑर्थोक्रोमॅटिक (लाल प्रकाश न दिसणारी) आहे किंवा एकमेकांना मारणारे दोन फिल्टर एकावर एक चढवलेत. लाल आणि हिरवा एकत्र लावले की लेन्सचं झाकण लावल्यात जमा.

आकाशात निळा होता का?

फिल्टर काहीही गडद करत नाही. तो फक्त काही रंगांचा प्रकाश अडवतो. पिवळा फिल्टर निळा अडवतो, नारिंगी निळ्याबरोबर बराचसा हिरवाही, आणि २५ नंबरचा लाल (नंबरांची यादी पुढे आहे) साधारण ६०० नॅनोमीटरच्या खालचं जवळपास सगळंच. पण अडवायला तो रंग तिथे असावा लागतो. आभाळ भरून आलेलं असताना ढगांतून येणारा प्रकाश पांढरा असतो. त्यात सगळे रंग सारखेच. लाल फिल्टर आकाशालाही तेवढाच कापतो आणि जमिनीलाही तेवढाच. मग तुम्ही एक्स्पोजर वाढवून ती तूट भरून काढता, आणि आकाश पुन्हा होतं तिथे. अशा दिवशी कुठलाही रंगीत फिल्टर उपयोगाचा नाही. तिथे अर्धा राखाडी, अर्धा स्वच्छ असा ग्रॅज्युएटेड एनडी फिल्टर लावावा, नाही तर फ्रेममध्ये आकाश कमी घ्यावं.

निरभ्र दिवशीसुद्धा आकाश सगळीकडे सारखं निळं नसतं. क्षितिजालगत धूळ आणि बाष्प जास्त, त्यामुळे तिथला निळा दुधात कालवल्यासारखा. सूर्याच्या आसपास तर पांढराच. सगळ्यात गडद निळा सूर्यापासून सुमारे ९० अंशांवर सापडतो. तो पट्टा शोधायची सोपी रीत: तर्जनी सूर्याकडे रोखा, अंगठा काटकोनात ताठ ठेवा, आणि तर्जनी न हलवता मनगट फिरवा. अंगठा ज्या ज्या दिशेला जाईल तिथे आकाश सर्वांत निळं. पोलरायझरचाही (एकाच दिशेत कंपणारा प्रकाश अडवणाऱ्या, फिरवता येणाऱ्या फिल्टरचा) सर्वाधिक परिणाम त्याच पट्ट्यात होतो. लेन्स सूर्याच्या बाजूला वळलेली असेल तर २९ नंबरचा गडद लालसुद्धा हात टेकतो.

शटर दाबण्याआधी एक तपासणी जरूर करा. फिल्टर डोळ्यासमोर धरा, ढगाच्या कडेकडे बघा, आणि फिल्टर झटकन आत-बाहेर करा. नुसता धरून बसलात तर काही सेकंदांत डोळा त्या रंगाला सरावतो आणि फरक कळेनासा होतो. आत-बाहेर करताना ढग आकाशातून सुटून पुढे आल्यासारखा वाटला तर फिल्मवरही येईल. नाही वाटला तर फ्रेम वाया घालवू नका.

पिवळ्या फिल्टरबद्दल निराशा होते तीही इथेच. नेहमीच्या पॅनक्रोमॅटिक (सगळे दृश्य रंग नोंदवणाऱ्या) फिल्मला निळा प्रकाश आपल्या डोळ्यांपेक्षा जास्त जाणवतो, म्हणून बिनफिल्टरचं आकाश डोळ्यांना दिसतं त्यापेक्षा फिकट येतं. ८ नंबरचा पिवळा ती जादा संवेदनशीलता काढून टाकतो, म्हणजे आकाश ‘दिसलं तसं’ आणतो. त्याच्याकडून वादळी आकाशाची अपेक्षा केली तर तो काहीच करत नाही असं वाटणारच. त्याचं काम दुरुस्तीचं आहे, नाट्याचं नाही.

निगेटिव्ह पातळ येत असेल तर

सगळ्यात जास्त रोल एका साध्या घोटाळ्यात वाया जातात: गुणक (प्रकाश किती पट द्यायचा) आणि स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) यांची सरमिसळ. फिल्टरच्या कडेवर ‘४×’ लिहिलं असेल तर त्याचा अर्थ प्रकाश चौपट द्या, म्हणजे दोन स्टॉप. चार स्टॉप नव्हे. काही कंपन्या गुणकाऐवजी थेट स्टॉप छापतात, ‘-१’ किंवा ‘-३’ असे. आकड्यापुढे × आहे की मागे उणे चिन्ह, हे आधी बघा. भर उन्हासाठी पॅनक्रोमॅटिक फिल्मवर नेहमी धरले जाणारे गुणक असे:

- पिवळा ८ (जुनं नाव के२): २ पट, १ स्टॉप
- गडद पिवळा १५ (जी): २.५ पट, १⅓ स्टॉप
- पिवळसर हिरवा ११: ४ पट, २ स्टॉप
- नारिंगी २१: सुमारे ४ पट, २ स्टॉप
- लाल २५ (ए): ८ पट, ३ स्टॉप
- गडद लाल २९ (एफ): १६ पट, ४ स्टॉप
- हिरवा ५८ (बी): ६ पट, २⅔ स्टॉप
- निळा ४७: ६ पट, २⅔ स्टॉप

हे नंबर रॅटन पद्धतीचे. फ्रेडरिक रॅटन यांची इंग्लंडमधली कंपनी १९१२ साली कोडॅकने घेतली आणि हे आकडे जगभर रुळले. इतर कंपन्यांचे स्वतःचे आकडे आहेत. बी+डब्ल्यूचा ०९० हा साधारण २५ च्या घरातला लाल आणि ०४० हा नारिंगी. अक्षरी नावं कंपनीगणिक बदलतात, तेव्हा जुना फिल्टर घेताना अक्षरावर जाऊ नका. तुमच्या फिल्टरसोबत आलेल्या कागदावर वेगळा गुणक असेल तर तोच खरा मानून सुरुवात करा.

आता हा गुणक कुठे लावायचा? इथे दुसरा घोटाळा. हातातल्या मीटरने किंवा फोनवरच्या मीटरने मोजत असाल तर गुणक लावलाच पाहिजे. सोपं म्हणजे मीटरवरचा आयएसओ गुणकाने भागायचा: ४०० ची फिल्म, ८ पटीचा लाल, मीटरवर ५०. कॅमेऱ्याचं मीटर लेन्समधून मोजत असेल तर ते फिल्टरमधूनच बघतं, मग गुणक पुन्हा लावायचा नाही. आयएसओ ५० करून वर लेन्समधूनही मोजलं की तीन स्टॉप जास्त पडतात आणि आकाश निगेटिव्हवर डांबरासारखं होतं. ‘लाल फिल्टर लावूनही आकाश पांढरं’ यामागे बऱ्याचदा हेच असतं.

छोट्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यांत (ज्यांत लेन्समधून नाही, वेगळ्या खिडकीतून बघतात) आणखी एक गोम असते. मीटरची बारीक खिडकी कधी लेन्सच्या कड्यातच, फिल्टरच्या आट्यांच्या आत असते, तर कधी वर बॉडीवर. आत असेल तर फिल्टर तिलाही झाकतो आणि मीटर आपोआप सांभाळून घेतं. बॉडीवर असेल तर मीटरला फिल्टरचा पत्ताच नसतो. लेन्सकडे समोरून एकदा नीट बघितलं की कळतं.

लेन्समधून मोजणाऱ्या मीटरवरही आंधळा भरवसा नको. मीटरच्या सेलला सगळे रंग फिल्मइतकेच दिसत नाहीत. पिवळ्याला फरक नगण्य. पण लाल आणि गडद लाल लावल्यावर काही कॅमेरे एक स्टॉपपर्यंत कमी एक्स्पोजर सांगतात, कारण त्यांच्या सेलला लाल प्रकाश फिल्मपेक्षा जास्त जाणवतो. हे तपासायला दोन मिनिटं लागतात. स्वच्छ उन्हात ग्रे कार्ड (मोजणीसाठीचं ठरावीक राखाडी कार्ड) ठेवा, व्ह्यूफाइंडर त्याने पूर्ण भरा, फिल्टरशिवाय मोजा. समजा एफ/८ ला १/२५० आलं. २५ नंबरचा लाल चढवून तिथेच पुन्हा मोजा. मीटर १/३० म्हणालं तर तीन स्टॉपचा फरक बरोबर पकडला. १/६० म्हणालं तर त्याने दोनच पकडले, एक स्टॉप तुम्हाला हाताने द्यायचाय. त्या कॅमेऱ्यावर त्या फिल्टरसाठी कॉम्पेन्सेशन डायल (एक्स्पोजर कमी-जास्त करायची चकती) कायम +१ वर, आणि फिल्टरच्या डबीवर तसं लिहूनच ठेवा. फरक फिल्टरचा एकट्याचा नाही, कॅमेरा-फिल्टर जोडीचा आहे. दुसऱ्या बॉडीवर पुन्हा तपासावं लागेल.

गडद रंगांसाठी सर्वांत खात्रीचा मार्ग अजूनही जुनाच: फिल्टर काढून मोजा, कॅमेरा मॅन्युअलवर टाका, फिल्टर चढवा, स्टॉप मोजून उघडा. एसएलआरमध्ये (लेन्समधूनच बघायच्या कॅमेऱ्यात) लाल फिल्टरमागे फोकस करणंही जिकिरीचं असतं, त्यामुळे ट्रायपॉडवर असाल तर फ्रेम आणि अंदाजे फोकस आधी लावून घ्या. शेवटचा फोकस मात्र फिल्टर चढवल्यावर तपासा. काही जुन्या लेन्स लाल प्रकाश किंचित वेगळ्या ठिकाणी एकवटतात. एफ/८ किंवा एफ/११ ला हा फरक झाकला जातो, एफ/२ ला नाही.

गुणक बरोबर, मीटर बरोबर, तरीही सावल्या रिकाम्या. याचं कारण फार जण धरत नाहीत. उघड्यावरची सावली कशाने उजळते? सूर्याने नाही, निळ्या आकाशाने. म्हणजे सावलीतला प्रकाशच निळसर. लाल फिल्टर आकाशाला जसा कापतो तसाच त्या सावलीलाही कापतो, आणि उन्हासाठी ठरवलेला ३ स्टॉपचा गुणक सावलीला अपुरा पडतो. झाडाखालची वाट किंवा दगडी भिंतीची सावलीची बाजू लाल फिल्टरने काळीठिक्कर होते ती यामुळेच. वर अर्धा ते एक स्टॉप जास्त देऊन सावली परत आणता येते, पण त्याने आकाशही तेवढंच उजळतं. आमचं मत स्पष्ट आहे: फ्रेममध्ये महत्त्वाची सावली असेल तर २५ डबीतच ठेवा आणि नारिंगी लावा. लाल फिल्टर उन्हात न्हालेल्या, सावली कमी असलेल्या विषयांचा.

उजेड बदलला की गुणकही बदलतो, हे सूर्यास्ताच्या वेळी आणि घरात जाणवतं. वरचे आकडे दुपारच्या प्रकाशाचे. टंगस्टन दिव्याच्या पिवळट प्रकाशात लाल आधीच भरपूर असतो, म्हणून २५ चा गुणक ८ वरून ५ वर येतो, ८ नंबरच्या पिवळ्याचा दीडवर. निळ्या ४७ चं उलट: ६ वरून १२ वर, म्हणजे एक स्टॉप जादा. हिरवा ५८ दोन्हीकडे सहाच.

आणि शेवटी, एक सेकंदाच्या पलीकडची एक्स्पोजर. गडद फिल्टर, छोटं ॲपर्चर आणि संध्याकाळ एकत्र आली की फिल्म मंदावते. दुप्पट वेळ दिला तरी दुप्पट नोंद होत नाही. इलफर्डने आपल्या फिल्मांसाठी सरळ सूत्र दिलंय: मोजलेल्या सेकंदांचा ठरावीक घात घ्यायचा, एचपी५ प्लससाठी १.३१, एफपी४ प्लससाठी १.२६. फिल्टरशिवाय १ सेकंद येत असेल तर २५ लावून ८ सेकंद, आणि एचपी५ वर ते होतात सुमारे १५. आधी फिल्टरचा गुणक, मग हा घात. क्रम उलटा केला तर उत्तर चुकतं.

फिल्म कोणती भरलीय?

पॅनक्रोमॅटिक फिल्म सगळे दृश्य रंग नोंदवते, पण सारख्या प्रमाणात नाही. कोडॅकच्या टी-मॅक्स फिल्मांना निळा प्रकाश कोडॅकच्याच ट्राय-एक्स फिल्मपेक्षा कमी जाणवतो. त्यांच्यावर आकाश मुळातच थोडं गडद येतं आणि हलक्या पिवळ्याचा फरक म्हणूनच कमी दिसतो. फुजी ॲक्रॉसला टोकाचा लाल कमी जाणवतो, त्यामुळे तिच्यावर लाल फिल्टरला नेहमीच्या गुणकापेक्षा जास्त एक्स्पोजर लागतं. इलफर्ड ऑर्थो प्लसला लाल दिसतच नाही. डबीवर तिचा वेग उन्हात ८० आणि टंगस्टनमध्ये ४० असा दुहेरी दिलेला असतो तो त्यामुळे. तिच्यावर लाल लावलात तर कोरी फ्रेम मिळेल. पिवळा मात्र चालतो.

दुसऱ्या टोकाला इलफर्डचीच एसएफएक्स २००. ती साधारण ७४० नॅनोमीटरपर्यंत बघते. हिच्यावर २५ लावला तर आकाश इतर फिल्मांपेक्षा जास्त खाली बसतं आणि पानं उजळू लागतात, कारण हरितद्रव्य दृश्य प्रकाशाच्या सीमेवरचं तांबडं फारसं शोषत नाही आणि पान ते जोरात परावर्तित करतं. इलफर्डची एक्सपी२ सुपर रंगीत फिल्मच्या रसायनांत धुतली जात असली तरी फिल्टरच्या बाबतीत ती साधी कृष्णधवल फिल्म समजूनच वागवायची.

आता रंग निवडा

नियम सगळ्यांना पाठ असतो: फिल्टर स्वतःच्या रंगाला उजळ करतो आणि विरुद्ध रंगाला गडद. व्यवहारात काय होतं ते एका लाल गुलाबावर बघा. बिनफिल्टरच्या फ्रेममध्ये फूल आणि पानं जवळपास एकाच राखाडी छटेत येतात. फूल कुठे संपतं आणि पान कुठे सुरू होतं हे शोधावं लागतं. ५८ चा हिरवा लावला की पाकळ्या कोळशासारख्या, पानं फिकट. २५ चा लाल लावला की पानं काळपट आणि फूल पांढरं. पण इथे एक फसगत आहे. लाल पाकळी लाल प्रकाश जवळजवळ पांढऱ्या कागदाइतका परत पाठवते, त्यामुळे लाल फिल्टरमागे पाकळीच्या घड्या, शिरा, कडेची वळणं सगळी एकाच पांढऱ्यात विरतात. फूल उजळ हवं आणि पाकळी पाकळीसारखीही दिसायला हवी, तर नारिंगी लावा किंवा लालवर अर्धा स्टॉप कमी द्या.

निसर्गदृश्यासाठी एकच फिल्टर घ्यायचा तर नारिंगी. आकाश बसवतो, सावल्या पूर्ण मारत नाही, लांबवरचं धुरकट निळेपण कापतो. ते निळेपण हवेतल्या कणांनी विखुरलेल्या निळ्या प्रकाशाचं असतं, म्हणून नारिंगी आणि लाल त्यातून पार बघतात. धुक्यातून मात्र कुणीच बघत नाही. पाण्याचे थेंब सगळे रंग सारखेच विखुरतात. धुरकटपणा वाढवायचा असेल, डोंगरांच्या रांगा एकामागे एक फिकट होत जाव्यात असं वाटत असेल, तर निळा ४७ लावा. हा फिल्टर फारच कमी जणांच्या पिशवीत असतो, आणि ते खरं तर वाईट आहे.

पानांसाठी हिरवा फिल्टर घेणाऱ्यांची थोडी निराशा होते. गर्द हिरवं पान डोळ्यांना हिरवं दिसलं तरी ते हिरवा प्रकाश थोडाच परत पाठवतं. ११ नंबरचा पिवळसर हिरवा जुन्या, जून पानांना किंचित उठाव देतो; कोवळ्या पालवीला चांगला उजळतो. मोठा फरक दिसतो तो उलट बाजूने, लाल फिल्टरने झाडी काळी पडते तेव्हा.

चेहऱ्यासाठी लाल टाळा. त्वचेतली रंगद्रव्यं लाल प्रकाश कमी शोषतात, त्यामुळे डाग, तांबडेपणा, पुटकुळ्या नाहीशा होतात, हे खरं. पण ओठही नाहीसे होतात आणि चेहरा खडूसारखा सपाट होतो. डाग सौम्य करायचे असतील तर पिवळा किंवा हलका नारिंगी पुरतो. मागे आकाश असेल तर ११: आकाश थोडं बसतं, ओठ आणि गाल जागेवर राहतात. सुरकुत्या, उन्हाने रापलेली त्वचा, चेहऱ्याचा खडबडीतपणा ठळक करायचा असेल तर निळा किंवा थेट ऑर्थो फिल्म.

कागदपत्रांची नक्कल करताना रंगीत फिल्टर जितका चोख चालतो तितका कुठेच नाही. जुन्या कागदावरचा पिवळा डाग घालवायचा तर गडद पिवळा १५: डाग कागदाइतकाच उजळ होतो आणि विरून जातो. फिकी पडलेली निळी शाई वाचनीय करायची तर नारिंगी किंवा लाल. शाई काळी उमटते. निळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेघा असलेले जुने नकाशे लाल फिल्टरने लख्ख येतात. लाकडी सामानाच्या तांबूस रेषाही नारिंगीने उठतात.

दोन फिल्टर एकत्र लावायचे झाले तर पिवळा आणि लाल ही जोडी निरर्थक. पिवळा जे अडवतो ते लाल आधीच अडवतो. वाढते फक्त काच. लाल आणि पोलरायझर ही जोडी खरी कामाची, पण स्टॉपची बेरीज करा: लालचे ३ आणि पोलरायझरचे दीड ते दोन, म्हणजे जवळपास ५. गुणक असतील तर गुणाकार. २८ मिमीच्या आतल्या लेन्सवर दोन फिल्टरांच्या कड्या कोपरे काळे करतात, आणि पोलरायझर आकाशाचा एक भाग गडद, दुसरा फिकट असा पट्टा पाडतो.

निगेटिव्ह चांगली, स्कॅन वाईट

लॅबचं स्कॅनिंग यंत्र प्रत्येक फ्रेम ‘सरासरी’ करायला बघतं. तुम्ही मुद्दाम खाली बसवलेलं आकाश त्याला चूक वाटते आणि ते उचलून पुन्हा राखाडी करतं. बिनफिल्टरची आणि लाल फिल्टरची फ्रेम स्कॅनमध्ये जुळ्या बहिणींसारखी दिसली तर संशय इथेच घ्या. लॅबला ऑटो करेक्शन बंद ठेवून, कमी काँट्रास्टचं स्कॅन द्यायला सांगा. घरी कॅमेऱ्याने स्कॅन करत असाल तर पूर्ण रोलसाठी एकच मॅन्युअल एक्स्पोजर ठेवा. तरच फ्रेमांची तुलना होते. डार्करूममध्ये पेपरच्या ग्रेडसाठी (प्रिंटचा काँट्रास्ट ठरवायला) वापरायचे पिवळे-जांभळे फिल्टर हा निराळाच विषय. ते लेन्सवर चढवायचे नसतात.

एका रोलमध्ये हिशोब पक्का

ज्याला हे कायमचं मिटवायचंय त्याने एक रोल यावर खर्च करावा. निरभ्र दिवस, पांढऱ्या ढगांचे काही पुंजके, सूर्य पाठीशी. फ्रेममध्ये आकाश, उन्हातली जमीन, एक ठळक सावली आणि उन्हात उभं केलेलं ग्रे कार्ड. ट्रायपॉड, मॅन्युअल एक्स्पोजर, फिल्मचा डबीवरचा वेग.

पहिली फ्रेम फिल्टरशिवाय. मग प्रत्येक फिल्टरच्या चार फ्रेम: छापील गुणकाने एक, त्याहून एक स्टॉप कमी, अर्धा जास्त, एक जास्त. स्टॉप शटरने बदला, ॲपर्चर तसंच ठेवा. शटरला मधला टप्पा नसेल तर अर्ध्यापुरतं ॲपर्चर. सगळं दहा मिनिटांत उरका आणि शेवटची फ्रेम पुन्हा फिल्टरशिवाय, पहिल्याच एक्स्पोजरला. पहिली आणि शेवटची सारख्या आल्या नाहीत तर मध्ये उजेड बदलला. तो रोल हिशोबात धरू नका. फ्रेम नंबर वहीत तिथल्या तिथे टिपा.

रोल नेहमीच्या पद्धतीने धुवा. मग लाइटबॉक्सवर फक्त ग्रे कार्ड बघा, आकाश नाही. फिल्टरच्या ज्या फ्रेममधलं कार्ड बिनफिल्टरच्या कार्डाइतकंच काळं, ती तुमच्या फिल्म-फिल्टर जोडीची खरी जागा. छापील आकड्यापेक्षा तो अर्धा स्टॉप इकडे-तिकडे निघाला तर नवल नाही. आकाश आणि सावली त्यानंतर त्याच फ्रेममध्ये तपासा. आता जे दिसतंय ते खरंच फिल्टरचं काम आहे.

काचेच्या तक्रारी

सूर्य किंवा दिवा फ्रेममध्ये असताना त्याचीच फिकट प्रतिमा दुसऱ्या कोपऱ्यात उमटत असेल तर फिल्टरवर कोटिंग नाही. हूड लावा, दिवा फ्रेममध्येच असेल तर फिल्टर काढा. जिलेटिनचे जुने फिल्टर उजेडाने फिके पडतात. पांढऱ्या कागदावर ठेवून कडेचा झाकलेला भाग आणि मधला भाग ताडून बघा. दोन काचांमध्ये चिकटवलेल्या फिल्टरला कडेने इंद्रधनुषी डाग पडले असतील तर थर सुटतोय, तो बाद.

फिल्टर आट्यांत अडकला तर बोटांनी जोर लावू नका. दाबाने कडं लंबगोल होतं आणि आणखी आवळतं. रुंद रबरबँड कड्याभोवती गुंडाळा, तळवा सपाट टेकवा आणि हलक्या हाताने फिरवा. पुढच्या वेळी चढवताना शेवटचा पीळ देऊ नका.

रेंजफाइंडर वापरणाऱ्यांनी घरात शिरताना लेन्सच्या टोकाकडे एकदा बघावं. व्ह्यूफाइंडरमध्ये फिल्टर दिसत नाही, आणि बाहेर लावलेला लाल आतल्या सगळ्या फ्रेमवर तसाच राहतो. मीटर हाताचं असेल तर त्या फ्रेम दोन-तीन स्टॉपने पातळ निघतात.